पाणी गेल्यानंतरचा नळ

नळाला पाणी आलं नाही की नगरपालिकेतला फोन खणखणू लागतो. पाणी, गटारं आणि रस्त्यावरचे दिवे ही तिन्ही कामं मी बरीच वर्षं सांभाळली; पण मला धास्ती असायची ती पाणी गेल्यानंतरच्या तासांची.

पाणी सुरू असताना जलवाहिनीत दाब असतो. फट असली, तर पाणी बाहेर येतं. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत शिरतं. नळाला थेट मोटर लावली, तर ते अधिकच ओढलं जातं.

एका पावसाळ्यात एका गल्लीत जुलाबाचे रुग्ण वाढले. टाकीवर क्लोरीन व्यवस्थित होतं. गल्लीतल्या नळाचं पाणी घेऊन आम्ही 'ओ.टी.'चे थेंब टाकले. पिवळा रंग येईना. शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. इथं ते घाणीशी झुंजताना संपलं होतं. खोदून पाहिलं, तर दिव्याच्या खांबासाठी खड्डा घेताना नळजोडणी फुटलेली आणि शेजारचं गटार तुंबलेलं. खांब माझ्याच माणसांनी उभा केला होता. त्यांच्याकडे जलवाहिनीचा नकाशाच नव्हता. तो मी द्यायला हवा होता. पुढे तिन्ही कामांचा नकाशा एकच केला.

आपणही एवढं करा. नळाचं पाणी गढूळ आलं, वास आला, तर ते उकळून प्या आणि लगेच कळवा. पाणी आलं नाही म्हणून करता, तसाच फोन करा.