सिक्रेट सांता आणि सिक्रेट बॅग

डिसेंबर उजाडला की ऑफिसात तीन गोष्टी ठरलेल्या. उरलेल्या सुट्ट्यांचा हिशोब, थर्टी फर्स्टचे प्लॅन्स आणि सिक्रेट सांता! ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल, त्याला गुपचूप गिफ्ट द्यायचं. बजेट ठरलेलं आणि गिफ्टही जवळजवळ ठरलेलंच, कॉफी मग नाहीतर सेंटेड कॅन्डल. धमाल येते, प्रश्नच नाही. पण गुपचूप देण्याचा याहून भारी फंडा मुंबई-वसईच्या कितीतरी चर्चेसमध्ये वर्षभर चालू असतो, माहितीये?

त्याचं नाव सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. नाव भारदस्त, पण सुरू करणारी मंडळी तुमच्या-आमच्यापेक्षा लहान होती. साल १८३३, शहर पॅरिस. आदल्याच वर्षी कॉलऱ्याने तिथे हजारो माणसं गेली होती. विद्यार्थ्यांच्या वादसभेत कुणीतरी ख्रिस्ती मुलांना टोमणा मारला, की तुमच्या धर्माने पूर्वी खूप केलं असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? हा टोमणा कायद्याचा अभ्यास करणाऱ्या फ्रेडरिक ओझानामला चांगलाच लागला. वय जेमतेम वीस. त्याने मित्र जमवले. रोझाली रांदू नावाच्या सिस्टरने त्यांना गरीब वस्तीतली घरं दाखवली आणि ही पोरं तिथले जिने चढायला लागली. पुढे सॉर्बॉनमध्ये प्रोफेसर झालेला ओझानाम चाळिसाव्या वर्षी गेला. त्याची सोसायटी मात्र आज दीडशेच्या आसपास देशांत पोचली आहे.

सिस्टीम एकदम साधी. प्रत्येक चर्चचा एक छोटा ग्रुप. त्याला म्हणतात ‘कॉन्फरन्स’. मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते, ‘सिक्रेट बॅग’. तीत हात घालायचा आणि जमेल ते टाकायचं. कुणी शंभर टाकले, कुणी काहीच नाही, कुणालाच कळत नाही. मग दोघादोघांनी गरजू कुटुंबाच्या घरी जायचं. ते घर कुठल्या धर्माचं, हा प्रश्न नाही. आणि घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही.

गेल्या नाताळच्या आधी अशाच दोघांबरोबर मी वसईतल्या एका चाळीत गेले. एक बँकेतून रिटायर झालेल्या मावशी, दुसरा आयटीत नोकरी करणारा पोरगा. नाव-पत्ता लिहायचा नाही आणि कॅमेरा आणायचा नाही, या अटींवर मला एन्ट्री! पिशवीत तांदूळ, डाळ, तेल, साखर आणि एक केक. आत गेल्यावर मावशींनी ती दाराशी ठेवली आणि नंतर तिचं नावही काढलं नाही. घरच्या बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्या शिवणकाम करून घर चालवतात. “बसा ना, चहा टाकते,” त्या म्हणाल्या. आम्ही बसलो. मुलाचं आयटीआय, मशीनचा बिघडलेला पाय, अशा गप्पा रंगल्या. कप रिकामे झाले तेव्हा कुठे त्या हळूच बोलल्या, “जानेवारीत अ‍ॅग्रीमेंट संपतंय. मालक भाडं वाढवतोय. कुठं जाऊ, सांगा?”

दारातूनच पिशवी देऊन परतलो असतो, तर हे कळलंच नसतं.

उतरताना मी विचारलं, “मावशी, आता?” त्या म्हणाल्या, “आता मीटिंग. केक पंचवीस तारखेला संपेल गं, तिची अडचण पंचवीसला संपणार आहे का?” जानेवारीत त्या आणि तो पोरगा मालकाला भेटायला गेले. भाडं वाढलंच, पण तीन महिन्यांनी. तेवढ्यात बाईंना शाळेच्या युनिफॉर्मचं काम मिळालं.

नाताळ आणि हे सगळं यांचा संबंध काय? गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. धर्मशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळ गव्हाणीत निजलं. तेच बाळ मोठं झाल्यावर सांगून गेलं, की भुकेल्याला जेवू घातलंत, आजाऱ्याला भेटलात, तर ते मलाच पोचलं. चर्चमध्ये गोठा सजवणाऱ्याला म्हणूनच एखाद्या चाळीचा जिनाही चढावा लागतो.

यंदा तुम्हालाही काही करावंसं वाटतंय? चर्चला जात नसलात तरी हा फंडा चालतो. एकटे जाऊ नका, सोबत कुणीतरी न्या. काय हवंय ते आधी विचारा, कदाचित केकपेक्षा औषधांचं बिल जास्त नडलेलं असेल. मोबाईल खिशातच राहू द्या. चहा दिला तर नाही म्हणू नका, त्या घरालाही काहीतरी देऊ द्या की! आणि निघण्याआधी जानेवारीतली एक तारीख ठरवा. थर्टी फर्स्टचा हँगओव्हर उतरल्यावर बरं का!