चित्र बिघडलं तरी चालेल

शाळेतली चित्रकलेची वही आठवते का? दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड. वर्गातल्या दोनतीन मुलांची चित्रं बाई भिंतीवर लावायच्या. बाकीच्यांनी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं, की आपला हात काही चित्रकलेचा नाही. एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली, की इंटरमिजिएटचा फॉर्म भरायचीही इच्छा उरत नसे. पुढे अभ्यास, नोकरी, लग्न, संसार. रंगपेटी घरात परत आली, ती मुलांच्या नावाने.

आता रात्री अंथरुणावर पडलं तरी डोकं थांबत नाही. ऑफिसमध्ये कोण काय बोललं, सासूबाईंच्या औषधांचं काय, मुलाचे मार्क का घसरले, याच विचारांची घरघर चालू राहते. कोणी सुचवलंच, की थोडं चित्र काढ, रंगव, बरं वाटेल, तर तुमचं उत्तर तयार असतं, ‘‘मला कुठे येतं?’’

मन शांत करण्यासाठी चित्र चांगलं यावंच लागतं का? याचं उत्तर शोधायला आधी दिल्लीतल्या पहाडगंजला जाऊ या.

पहाडगंजचा फोटोग्राफर

नवी दिल्ली स्टेशनच्या एका बाजूला अजमेरी गेट आहे, तर दुसऱ्या बाजूला पहाडगंज. बाहेर पडलं, की समोरच मेन बाजार. स्वस्त हॉटेलं, सायकलरिक्षा, छोले-भटुऱ्यांचा वास आणि पाठीवर बॅगा घेतलेले परदेशी पाहुणे. याच भागात मराठी मुलांची नूतन मराठी शाळाही आहे. घरातून पळून आलेली अनेक मुलं ज्या स्टेशनवर उतरतात, तेही हेच.

विकी रॉय त्यांपैकीच एक. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियातून 11 वर्षांचा असताना तो घर सोडून दिल्लीला आला. स्टेशनवर रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, ढाब्यावर भांडी घासली. नंतर ‘सलाम बालक ट्रस्ट’ने त्याला आसरा दिला. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ या 1988च्या चित्रपटानंतर सुरू झालेली ही संस्था रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करते आणि पहाडगंजमध्ये तिचं मोठं काम आहे.

विकीला दहावीत 48 टक्के मिळाले. आपल्याकडे एवढ्या मार्कांवर मुलाचं भविष्य ठरवून मोकळे होणारे नातेवाईक काही कमी नाहीत. पण त्याच सुमारास संस्थेत आलेल्या एका ब्रिटिश फोटोग्राफरसोबत काम करण्याची संधी त्याला मिळाली. पुढे त्याने त्रिवेणी कला संगममध्ये फोटोग्राफी शिकून घेतली आणि 2007मध्ये दिल्लीच्या इंडिया हॅबिटॅट सेंटरमध्ये त्याचं पहिलं प्रदर्शन भरलं. त्याचं नाव होतं, ‘स्ट्रीट ड्रीम्स’.

त्या प्रदर्शनात काय होतं? रस्त्यावर राहणारी मुलं. एवढी वर्षं ज्या आयुष्यातून तो बाहेर पडू पाहत होता, तेच त्याने भिंतीवर सगळ्यांसमोर मांडलं. 2013मध्ये आलेलं त्याचं ‘होम स्ट्रीट होम’ हे पुस्तकही निवारागृहातल्या मुलांच्या जगाबद्दलच आहे. पुढे त्याला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पुनर्बांधणीचे फोटो काढण्याची संधी मिळाली, मानसन्मानही मिळाले. पण आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते पहिलं प्रदर्शन. जी गोष्ट माणूस सहसा लपवतो, तिच्याकडे कॅमेऱ्यातून सावकाश, पुन्हापुन्हा पाहता येतं. असं पाहत राहिलं, की तिची लाज हळूहळू कमी होते.

याच संस्थेतून मोठी झालेली काही मुलंमुली आज पाहुण्यांना पहाडगंजच्या गल्ल्यांमधून फिरवून आणतात आणि आपली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगतात. स्वतःचा स्वीकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

शब्द संपले तेव्हा

विकीच्या हातात कॅमेरा तरी होता. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या एका मुलाकडे तेवढंही नव्हतं. जिव्या सोमा मशे सातेक वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्या धक्क्याने त्याचं बोलणंच थांबलं. तो मातीत बोटाने चित्रं काढायचा आणि त्यातूनच लोकांना काय ते सांगायचा.

वारली चित्रं तेव्हा प्रामुख्याने बायकांची होती. लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहायच्या. जिव्या मात्र लग्नकार्याची वाट न पाहता चित्रं काढू लागला. 1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारली पाड्यांवर जाऊन तिथल्या कलावंतांना कागद दिला आणि जिव्याचं काम जगापुढे आलं. 2011मध्ये जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली. 2018मध्ये ते गेले.

पद्मश्री काही सगळ्यांना मिळणार नाही आणि तिची गरजही नाही. मातीत रेघोट्या ओढणाऱ्या त्या मुलाला तरी पुढे काय होणार हे कुठे माहीत होतं? दुःख सांगायला शब्द नव्हते, म्हणून त्याने बोट वापरलं. तुमच्याही आयुष्यात असं काहीतरी असेल, जे नवऱ्याला सांगता येत नाही, आईला सांगवत नाही आणि मैत्रिणीला सांगितलं तरी पुरतं सांगून होत नाही. कागद ते ऐकून घेतो आणि मधेच सल्लाही देत नाही.

शरीर काय सांगतं?

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं कलेसाठी दिली. मार्कर, कागद, माती, कोलाजचं सामान, ज्याला जे हवं ते. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. हे ताणाशी संबंधित असलेलं संप्रेरक आहे. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे 75 टक्के लोकांचं कॉर्टिसोल कमी झालेलं दिसलं. यातल्या बऱ्याच जणांना चित्रकलेचा फारसा अनुभव नव्हता. अनुभव असलेल्यांना जास्त फायदा झाला, असंही दिसलं नाही.

थोडक्यात, ‘मला कुठे येतं?’ हा प्रश्न शरीराला पडतच नाही, तो फक्त मनाला पडतो. मात्र उरलेल्या लोकांमध्ये कॉर्टिसोल कमी झालं नव्हतं, हेही लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी तुम्हाला शांत वाटण्याऐवजी चिडचिड झाली, तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

रांगोळीकडून शिका

आपल्या आज्या रोज सकाळी अंगणात सडा घालून रांगोळी काढायच्या. चार ठिपके, चार रेषा, मध्ये हळदकुंकू. संध्याकाळपर्यंत ती पायाखाली पुसली जायची. कोणी मार्क दिले नाहीत, कोणी ती जपून ठेवली नाही. तरी दुसऱ्या दिवशी हात पुन्हा रांगोळीच्या डब्याकडे जायचा. दिवसाची ती पहिली दहा मिनिटं कुणाच्याही कामाची नव्हती, तिची स्वतःची होती.

आज आपण चित्र पूर्ण व्हायच्या आधीच त्याचा फोटो स्टेटसला टाकतो आणि किती जणांनी पाहिलं ते मोजत बसतो. शाळेतल्या बाई गेल्या, त्यांच्या जागी दोनशे परीक्षक आले. मग शांतता कुठून मिळणार? निदान पहिला महिनाभर तरी तुमची वही कोणालाच दाखवू नका.

सुरुवात कशी कराल?

* महागडं सामान आणू नका. भारी कागद खराब होईल या भीतीने हात आखडतो. मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पानं आणि एक काळं पेन पुरेसं आहे.

* रोज 15-20 मिनिटं ठरवून घ्या. कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही, घरातले सगळे बाहेर गेल्यावर किंवा झोपल्यावर. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

* आधी स्वतःचा हात काढा. डावा हात समोर ठेवा, नजर त्याच्यावरच राहू द्या आणि कागदाकडे न बघता उजव्या हाताने रेषा ओढत जा. डावखुऱ्या असाल तर उलट करा. चित्र वेडंवाकडंच येणार आहे, ते तसंच यायला हवं. पण भाजल्याचा डाग, सैल झालेली बांगडी, फुगलेल्या शिरा, या हाताने किती काम केलंय ते बहुधा पहिल्यांदाच नीट दिसेल.

* दिवसाचा रंग भरा. पानावर एक चौकोन आखा आणि आजचा दिवस जसा गेला तो रंग त्यात भरा. महिन्याच्या शेवटी 30 चौकोन एकत्र पाहा. सगळेच दिवस काळे नव्हते, हे डोळ्यांना दिसेल.

* चित्र नको असेल तर दुसरं काही निवडा. गोधडी शिवणं, विणकाम, मातीचं भांडं, कणकेचे प्राणी, सगळं चालतं. हात गुंतले पाहिजेत, एवढंच.

* बिघडलेलं पान फाडू नका. तारीख घाला आणि पान उलटा. स्वतःचं बिघडलेलं काही फेकून न देता सांभाळून ठेवण्याची सवय इथूनच लागते. पुढे हीच सवय आरशासमोर आणि चुका झाल्यावरही कामी येते.

घरच्यांनी काय करावं?

घरात कोणी चित्र काढत बसलं, तर ‘हे काय काढलंय?’ असं विचारू नका. ‘व्वा, काय सुंदर!’ म्हणायचीही घाई नको, कारण कौतुकसुद्धा एक प्रकारचे मार्कच असतात. ‘काढताना कसं वाटलं?’ एवढं विचारा. उत्तर आलं नाही तरी चालेल.

मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच जपा. शेजारच्या मुलीचं चित्र दाखवून, ‘बघ, तिने किती छान काढलंय,’ असं म्हटलं, की तुमच्याच बाबतीत घडलेली गोष्ट आणखी एका पिढीत घडते. त्यापेक्षा संध्याकाळी आईने आपली वही घेऊन मुलाशेजारी बसावं. तिची गाय म्हशीसारखी दिसली आणि तरी ती हसत पुढचं पान काढते, हे मुलाने पाहू द्या.

कला पुरेशी नसते तेव्हा

कला ही सोबत आहे, प्रत्येक आजाराचं औषध नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, खाण्यावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा. जगणंच नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मदत मागणं म्हणजे कमीपणा नव्हे. वही तर उपचारांच्या काळातही सोबत राहू शकते. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये पडल्यापडल्या चित्रं काढत असे. तिथल्याच अनुभवातून त्याने 1942मध्ये ‘आर्ट थेरपी’ हा शब्द रूढ केला. त्याचे उपचार चालूच होते, पेन्सिल सोबतीला होती.

आज रात्री भांडी आवरून झाली, की कपाटातली ती अर्धी वापरलेली वही काढा. डोंगर, सूर्य, नदी, झोपडी, जे आठवेल ते काढा. सूर्य वाकडा आला, तर येऊ द्या. या वेळी बाई वही तपासणार नाहीत. खाली तारीख घाला, आपलं नाव लिहा आणि झोपा.