गोळीचे वेळापत्रक आणि लोकलचे वेळापत्रक

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील सुमारे ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. घर ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत आणि नोकरी मुंबईत असलेल्या असंख्य कुटुंबांत त्यामुळे सकाळच्या डब्याबरोबर ‘बीपीच्या गोळी’चीही आठवण ठेवावी लागते, काही घरांत तिच्या जोडीला हृदयशूलाची, म्हणजेच अंजायनाची औषधेही असतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्याने श्रमाच्या वेळी छातीत जो दाब, आवळल्यासारखी वेदना किंवा जळजळ जाणवते तिला हृदयशूल म्हणतात, आणि रेल्वेचा पूल घाईने चढताना ती अनेकदा पहिल्यांदा लक्षात येते. या दोन्ही विकारांवरील आजची औषधे दीर्घकाळ पारखलेली आहेत. त्यांचे काही दुष्परिणाम असले, तरी टाळता येण्याजोगा मोठा धोका उद्भवतो तो डॉक्टरांच्या नकळत केलेल्या बदलांतून: वगळलेल्या, दुप्पट घेतलेल्या, एकाएकी थांबवलेल्या किंवा न विचारता दुसऱ्या औषधाशी गाठ घालून दिलेल्या गोळीतून.

गोळ्यांची घराणी

रक्तदाबाच्या गोळ्या एकाच रीतीने काम करत नाहीत. अॅम्लोडिपिनसारखी औषधे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूपेशींत शिरणारे कॅल्शियम रोखतात, त्यामुळे वाहिन्या सैलावतात. रामिप्रिल, एनालाप्रिल आणि त्यांच्याशी नाते सांगणारी टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधे मूत्रपिंडापासून सुरू होणाऱ्या, रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या साखळीत अडथळा आणतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि क्लोरथॅलिडोन ही मूत्रल औषधे शरीरातील जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढतात, तर मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारखी बीटा-रोधके हृदयाचे ठोके संथ करून त्याची प्राणवायूची गरज कमी करतात आणि म्हणूनच हृदयशूलावरही उपयोगी पडतात. एकाच रुग्णाला दोन किंवा तीन घराण्यांतील गोळ्या देणे हे आजार बळावल्याचे लक्षण असतेच असे नाही. वेगवेगळ्या मार्गांनी, कमी मात्रेत काम करणारी औषधे पुष्कळदा एकाच औषधाच्या मोठ्या मात्रेपेक्षा अधिक परिणामकारक आणि कमी त्रासदायक ठरतात.

औषध शरीरात किती काळ टिकते यातही मोठा फरक आहे. रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. अॅम्लोडिपिनचे अर्धायुष्य सुमारे ३० ते ५० तासांचे असते, तर मेटोप्रोलॉलचे अवघे ३ ते ७ तासांचे. अॅम्लोडिपिनची एक गोळी चुकली तर त्या दिवशी काही जाणवत नाही आणि ‘गोळीवाचूनही बरे वाटते’ असा समज पक्का होतो. तोच समज बीटा-रोधकाला लावला तर परिणाम घातक होऊ शकतो. दीर्घकाळ रोखून धरलेल्या हृदयावरचे नियंत्रण एकदम सुटते, ठोके व दाब उसळतात आणि हृदयशूल तीव्र होऊन हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. म्हणून बीटा-रोधक बंद करायचेच असेल, तर ते साधारण एक ते दोन आठवड्यांत, डॉक्टरांनी आखून दिलेल्या टप्प्यांनी उतरवत नेतात. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत, हा नियम मात्र या सर्व घराण्यांना लागू आहे.

प्रवासाचे तास

हायड्रोक्लोरोथायाझाइडचा परिणाम साधारण दोन तासांत सुरू होतो आणि चार तासांच्या आसपास शिगेला पोहोचतो. सकाळी सहाला ही गोळी घेऊन सातच्या सुमारास डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे निघालेल्या प्रवाशाला लघवीची निकड नेमकी गर्दीच्या डब्यात जाणवू लागते, आणि उपनगरी लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. स्त्रियांची अडचण तर स्थानकांवरही संपत नाही. अशा वेळी कामाच्या दिवशी गोळी टाळायची आणि रविवारी घ्यायची, किंवा दिवसभर पाणीच प्यायचे नाही, असे उपाय रुग्ण स्वतःच शोधून काढतात. हे उपाय रोगापेक्षा वाईट आहेत, कारण पहिल्यात रक्तदाब आठवडाभर मोकळा राहतो आणि दुसऱ्यात मूत्रपिंडांवर ताण येतो.

यावर मार्ग आहे, आणि तो विज्ञानानेच सुकर केला आहे. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम’ या अभ्यासात रक्तदाबाची औषधे सकाळी घेणाऱ्या आणि संध्याकाळी घेणाऱ्या गटांत झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ असा की दिवसातून एकदाच घ्यायच्या बहुतेक गोळ्यांसाठी ‘योग्य’ वेळ म्हणजे जी रोज पाळता येते ती वेळ. मूत्रल गोळी रात्री झोपण्यापूर्वी घेतल्यास झोपमोड होते, पण ती कामावर पोहोचल्यानंतर घेता येईल का, किंवा तिच्याऐवजी दुसरे औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येते. त्यासाठी आपण सकाळी किती वाजता निघतो आणि प्रवास किती तासांचा असतो हे तपासणीच्या खोलीत सांगितले गेले पाहिजे. ते न सांगता ‘गोळी सोसत नाही’ एवढेच म्हटले तर खरे कारण झाकलेले राहते.

उपवासाच्या दिवसांचेही असेच आहे. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र किंवा रमजानचे रोजे पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा आणि पाण्याचे प्रमाण आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, म्हणजे श्रद्धा आणि उपचार यांत निवड करण्याची वेळच येत नाही.

जिभेखालची गोळी

हृदयशूलाच्या कळेवर तात्काळ आराम देणाऱ्या नायट्रेट औषधांचा इतिहास स्फोटकांशी जोडलेला आहे. इटालियन रसायनशास्त्रज्ञ अस्कानिओ सोब्रेरो यांनी १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन जगापुढे आणले, आल्फ्रेड नोबेल यांनी त्यापासून डायनामाइट घडवले, आणि १८७९ मध्ये लंडनचे डॉ. विल्यम मरेल यांनी त्याच द्रव्याच्या सूक्ष्म मात्रेने हृदयशूल शमतो हे ‘लॅन्सेट’मधून मांडले. नोबेल यांना अखेरच्या दिवसांत त्यांच्या डॉक्टरांनी हेच औषध सुचवले होते. ते शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू मुक्त करते आणि तो रक्तवाहिन्या सैल करतो. या वायूच्या कार्याचा उलगडा करणारे फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद १९९८ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

आपल्याकडे जिभेखाली ठेवायला बहुधा आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी दिली जाते. ती गिळली तर यकृतात तिचा मोठा भाग नष्ट होतो. जिभेखालच्या पातळ त्वचेतून मात्र ती थेट रक्तात उतरते. ती घेताना बसावे, कारण रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि उभ्या माणसाला भोवळ येऊन तो पडू शकतो, मग तो फलाटावर असो वा लोकलच्या दारात. पाच मिनिटांत वेदना कमी झाली नाही किंवा वाढत गेली, तर ती साधी कळ नव्हे असे समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुसरी गोळी घ्यावी की नाही याची सूचना डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली असावी. शेजाऱ्याच्या छातीत दुखले म्हणून आपली गोळी त्याच्या जिभेखाली ठेवणे हा मदतीचा मार्ग नाही, कारण त्याचा रक्तदाब आधीच खालावलेला असल्यास ती जीवघेणी ठरू शकते. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक दुर्बलतेवरील गोळी घेतल्यानंतर निदान २४ तास, आणि टाडालाफिल घेतल्यानंतर निदान ४८ तास नायट्रेट घेता येत नाही. नायट्रेट आणि या गोळ्या एकाच मार्गाने वाहिन्या सैलावत असल्याने दाब कोसळतो. संकोच बाजूला ठेवून ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी.

रोज घ्यायच्या नायट्रेटबाबत एक बारकावा आहे. शरीराला या औषधाची चटकन सवय होते आणि त्याचा गुण बोथट होतो. म्हणून दिवसातून दोनदा घ्यायच्या मोनोनायट्रेटच्या मात्रा मुद्दाम सकाळी आणि त्यानंतर सुमारे सात तासांनी अशा देतात, जेणेकरून रात्रीचे काही तास शरीर औषधमुक्त राहील. ‘बारा-बारा तासांनी घेतले की नीट विभागले जाईल’ या समजुतीने वेळा बदलणारा रुग्ण नकळत औषध निकामी करून टाकतो.

न विचारता पडलेल्या गाठी

कंबरदुखी किंवा गुडघेदुखीवर मेडिकलमधून सर्रास आणली जाणारी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी अडवून रक्तदाब वाढवतात. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, मूत्रल आणि वेदनाशामक असे तिन्ही एकत्र आले तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी कमी होऊन ती अचानक निकामी होऊ शकतात. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ असते तेव्हा शरीरातील पाणी कमी झाल्याने हाच धोका वेदनाशामकाविनाही संभवतो. अशा दिवशी कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची हे त्याच दिवशी फोन करून विचारावे.

दुसरी साखळी अधिक सूक्ष्म आहे. रामिप्रिल-एनालाप्रिल या गटाने काही रुग्णांना कोरडा खोकला होतो. तो औषधाचा असल्याचे न कळल्याने घरचा उपाय म्हणून ज्येष्ठमधाची काडी रोज चघळली जाते, आणि ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन रक्तदाब वाढवून पोटॅशियम घटवते. मूत्रल गोळीही पोटॅशियम कमी करत असल्याने ठोके अनियमित होण्यापर्यंत मजल जाते, तर खोकला औषध बदलल्याने सहज थांबला असता. याच्या उलट, टेल्मिसार्टन-रामिप्रिल घेणाऱ्यांच्या रक्तात पोटॅशियम साठू शकते. मूत्रपिंडे अशक्त असतील तर रोजचे नारळपाणी किंवा पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. गणपतीच्या दिवसांत घरोघरी येणारे पपनसही ग्रेपफ्रूटप्रमाणे आतड्यातील औषध मोडणाऱ्या विकराला अडवते, त्यामुळे निफेडिपिन आणि अॅटॉर्वास्टॅटिनसारख्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

‘वनस्पती आहे, म्हणजे निर्धोक’ हा समज मुंबईच्याच संशोधनाने खोडला आहे. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरील निरीक्षणांनी दाखवले, १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. या औषधाने जगाला रक्तदाबावर खरा उपचार दिला, पण त्याबरोबरच नैराश्य आणि मंद नाडी हे त्याचे दुष्परिणामही पुढे आले. सर्पगंधेची वटी आधुनिक गोळ्यांच्या जोडीला घेणारा रुग्ण म्हणजे दोन प्रभावी औषधे एकदम घेणारा रुग्ण, आणि वैद्य व डॉक्टर दोघांनाही ते ठाऊक असायला हवे.

पट्टीवरची ओळ

डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेषा असते. ठळक अक्षरांतील व्यापारी नावापेक्षा पट्टीवरची घटकांची बारीक ओळ महत्त्वाची, कारण नावापुढे ‘एएम’ लागले की त्यात बहुधा अॅम्लोडिपिन, ‘एच’ लागले की हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि ‘एटी’ लागले की अॅटेनोलॉल मिसळलेले असते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातून मिळालेले अॅम्लोडिपिन आणि घराजवळच्या दवाखान्याने लिहिलेली ‘एएम’ गोळी सोबत घेतली गेली, तर मात्रा दुप्पट होते, पाय सुजतात आणि ती सूज हा नवा आजार समजून आणखी एक मूत्रल वाढवली जाते. एस-अॅम्लोडिपिनची २.५ मिलिग्रॅमची गोळी साध्या अॅम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमइतकीच असते, हेही आकड्यांवरून लक्षात येत नाही. ‘एसआर’, ‘ईआर’, ‘एक्सएल’ ही अक्षरे औषध हळूहळू सुटण्याची खूण आहेत. अशी गोळी कुटून किंवा चावून घेतल्यास दिवसभराची मात्रा एकदम रक्तात उतरते. दमट हवेत गोळ्या पट्टीतून काढून सुट्या ठेवू नयेत: ओलाव्याने अॅस्पिरिनचे विघटन होते, आणि गोळ्यांना व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की त्या टाकून द्याव्यात.

गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी तो डॉक्टरांना आधीच सांगणे अत्यावश्यक आहे, कारण रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन या दोन्ही गटांतील औषधे गर्भाला इजा करतात. कोणत्याही औषधाचा विपरीत परिणाम जाणवल्यास डॉक्टरांना सांगण्याबरोबरच औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावरही कळवता येतो.

या सर्व सूचनांचा व्यावहारिक सारांश एका कागदावर मावतो. त्यावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि ते कोणी, कधी व कशासाठी सुरू केले एवढे लिहावे, त्यात वेदनाशामके, आयुर्वेदिक वट्या आणि काढेही यावेत, आणि कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय असो, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय असो वा घराखालचे मेडिकल, तो कागद प्रत्येक ठिकाणी दाखवावा. डॉक्टर, केमिस्ट आणि घरची माणसे यांच्यापुढे एकच पूर्ण यादी असली, तर वर सांगितलेल्या बहुतेक गाठी पडण्याआधीच दिसतात, आणि गोळी बदलण्याचा निर्णय एकट्या रुग्णाला कंटाळून किंवा घाबरून घ्यावा लागत नाही.