तुटकी बादली आणि फुटबॉल

2001 सालची गोष्ट. नागपुरात झोपडपट्टीतली मुलं भर पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी ते पाहिलं आणि त्यांना फुटबॉल दिला. पुढे या मुलांसाठी स्पर्धा भरवली. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली.

मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन यांच्या मते आतून उमेद यायला तीन गोष्टी लागतात: स्वतः ठरवायची मोकळीक, जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा. बारसेंनी आपलेपणापासून सुरुवात केली, हे फार मोलाचं.

चोपडा शहरातल्या मैदानावरही मुलांमध्ये अशी उमेद जागवता येईल. पेनल्टी हुकलेल्या पोरावर चारचौघांत खेकसण्याऐवजी प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेऊन विचारावं, “चेंडू मारताना नजर कुठे होती?” चूक त्याची त्यालाच सापडू द्यावी.