तुलनेची भाषा

महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन तालुक्यांची गावे आहेत. एक रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात. पहिल्या कर्जतला पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. दुसरे पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्यामुळे तेथील शेतकऱ्याला आकाशाकडे डोळे लावून बसावे लागते. आता ‘कर्जतला पाऊस कमी पडतो’ एवढेच कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. कोणत्या कर्जतला? आणि कशापेक्षा कमी? ‘रायगडच्या कर्जतपेक्षा नगरच्या कर्जतला पाऊस कमी पडतो’ असे म्हणताच दोन्ही प्रश्नांचे उत्तर मिळते.

तुलनेला तीन गोष्टी लागतात: जिची तुलना करावयाची ती वस्तू, जिच्याशी करावयाची ती वस्तू आणि ज्या बाबतीत करावयाची तो गुण. या तिन्ही गोष्टी सर्व भाषांत असतात. परंतु त्या मांडण्याची रीत मात्र प्रत्येक भाषेची निराळी असते.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य आहे. ते 1980 साली स्थापन झाले. तेथील प्रौढ नर आणि मादी शेजारी उभी असली, तर त्यांच्या रंगांतील फरक सहज ध्यानात येतो. मराठीत आपण म्हणतो, ‘नर मादीपेक्षा गडद असतो.’ या वाक्यात ‘गडद’ या विशेषणाचे रूप मुळीच बदललेले नाही. तुलनेचा सारा भार ‘मादी’ या शब्दाला जोडलेल्या ‘पेक्षा’ने उचलला आहे. ‘पेक्षा’ हा शब्द संस्कृतातील ‘अपेक्षा’ या शब्दावरून आला असून, ‘मादीपेक्षा’ म्हणजे मादीच्या अपेक्षेने, मादीकडे पाहता. हेच काम पंचमीच्या ‘हून’ या प्रत्ययानेही होते. जसे, ‘साखरेहून गोड’.

इंग्रजीची रीत याच्या उलट आहे. तेथे विशेषणच आपले रूप बदलते. ‘डार्क’ म्हणजे गडद, तर ‘डार्कर’ म्हणजे अधिक गडद. त्यानंतर ‘दॅन’ हा शब्द येतो आणि मग दुसऱ्या वस्तूचे नाव. विशेषण लांबलचक असेल तर मात्र ते तसेच ठेवून त्याच्या आधी ‘मोअर’ हा शब्द योजतात.

स्पेनमध्ये व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत बोलली जाणारी स्पॅनिश भाषा बहुधा विशेषणाला हात लावत नाही. ‘ओस्कूरो’ म्हणजे गडद. त्याच्या आधी ‘मास’ आणि नंतर ‘के’ हे शब्द घातले की तुलना पुरी होते: ‘मास ओस्कूरो के’. मोजके शब्द मात्र या नियमाला अपवाद आहेत. ‘अधिक चांगला’ या अर्थी स्पॅनिशमध्ये ‘मेखोर’ हा स्वतंत्रच शब्द आहे. इंग्रजीतही ‘गुड’चे रूप ‘बेटर’ असेच वेगळे होते.

एखादा गुण सर्वांहून अधिक आहे असे सांगताना मराठी ‘सर्वांत’ हा शब्द वापरते, स्पॅनिश ‘मास’च्या आधी ‘एल’ जोडते आणि इंग्रजी ‘एस्ट’ हा प्रत्यय लावते. हा ‘एस्ट’ परका वाटला, तरी तो आपल्या नात्यातला आहे. संस्कृतातील ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतील ‘एस्ट’ हे दोन्ही एकाच प्राचीन प्रत्ययापासून निघाले आहेत. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ हे शब्द मराठीत रोज वापरले जातात. त्यांच्या अंती तोच प्रत्यय आहे. संस्कृतातील ‘स्वादिष्ठ’ आणि इंग्रजीतील ‘स्वीटेस्ट’ हे तर सख्खे भाऊच होत.

कधी कधी गुण स्पष्ट न केल्यामुळेही घोटाळा होतो. ‘गोविंदा रामापेक्षा मोठा आहे’ या वाक्यात गोविंदा वयाने मोठा की अंगाने मोठा, हे कळत नाही. स्पॅनिशमध्ये वयाने मोठ्या माणसाला ‘मायोर’ आणि आकाराने मोठ्याला ‘मास ग्रांदे’ म्हणण्याची सोय आहे. मराठीत तृतीया विभक्ती मदतीला येते. वयाने, उंचीने, बुद्धीने असे एकच पद घातले की संदेह राहत नाही.

त्याचप्रमाणे ‘सर्वांत’ म्हणताना ‘कोणांत?’ हे सांगणेही आवश्यक आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या हद्दीवर कळसूबाईचे शिखर आहे. त्याची उंची 1646 मीटर आहे. ‘कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे’ हे विधान खरे आहे. ‘महाराष्ट्रातील’ हा शब्द गाळून तेथे ‘पश्चिम घाटातील’ असे घातले, की तेच विधान खोटे ठरते. कारण पश्चिम घाटातच केरळमधील अनाईमुडी हे शिखर 2695 मीटर उंच आहे. शिखर तेच, उंचीही तीच; परंतु एका शब्दाने खऱ्याचे खोटे झाले.

बाजारात ‘सर्वांत उत्तम’, ‘अधिक स्वस्त’ असे शब्द जागोजागी लिहिलेले असतात. कशापेक्षा स्वस्त, कोणांत उत्तम आणि कोणत्या गुणाने, हे मात्र तेथे क्वचितच लिहिलेले आढळते. माणसांविषयीही पुष्कळदा असेच अपुरे बोलले जाते. एखाद्या मुलाला ‘तू त्याच्यापेक्षा कमी आहेस’ असे म्हणणारा मनुष्य कोणत्या गुणाने कमी, हे सांगत नाही. गणितात मागे असलेला मुलगा पोहण्यात पुढे असू शकतो. म्हणून तुलना ऐकणाऱ्याने तिची तीनही अंगे तपासून पाहावीत आणि करणाऱ्याने ती पुरी करावी. भाषा कोणतीही असो, अर्धवट तुलना अन्यायाला कारण होते.