वाकळ म्हणा नाहीतर कौदी

घट बसायच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचे, हा आमच्या बेळगाव भागातला जुना नेम. माझ्या माहेरी, खानापूर तालुक्यात, बायका वाकळांची गाठोडी डोक्यावर घेऊन ओढ्यावर जात आणि दगडावर धोपटून त्या काठावरच्या झुडपांवर वाळत टाकत. सासरी शहापुरात ओढा नव्हता, पण नेम तोच. यंदा माझा उजवा खांदा धरला होता. कुणाला न विचारता मी अव्वांची कौदी वॉशिंग मशीनमध्ये टाकली. बाहेर काढली तेव्हा तिची एक बाजू उसवून आतल्या चिंध्या लोंबत होत्या.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. बैलहोंगलकडच्या, घरात कन्नड बोलणाऱ्या. 1986 साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा मला ‘ऊटा आतु?’च्या पलीकडे कन्नड येत नव्हते आणि त्यांचे मराठी बाजारापुरते. पहिले चार महिने आम्ही दोघी हातवाऱ्यांवर संसार केला. दसरा झाल्यावर एके दुपारी त्यांनी जुन्या लुगड्यांचे बोचके सोडले, एक सुई माझ्या हातात दिली आणि समोर बसवले. मी म्हटले, ‘‘वाकळ?’’ त्या म्हणाल्या, ‘‘कौदी.’’ टाके मोजता मोजता मी वंदु, येरडु, मूरु शिकले. त्या हिवाळ्यात कौदी पुरी झाली आणि आमच्यातला अवघडलेपणाही गेला.

2019 साली अव्वा गेल्या. त्यांच्या हातची ती एकच कौदी उरली होती आणि ती मी फाडून ठेवली. दोन दिवस ह्यांच्यापासून लपवून ती माळ्यावर टाकली. बंगळूरहून सूनबाईचा फोन आला, तिला सांगितले. ती म्हणाली, ‘‘आई, मी चांगली रजई पाठवते. मशीनमध्येही चालते. तुम्ही खांद्याला त्रास देऊ नका.’’ तिचे चुकले नव्हते. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तोवर पाऊस मागे फिरला होता. आपल्याकडे तो ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निरोप घेतो. आभाळ मोकळे होते, पण जमीन ओली असते, म्हणून उन्हाचा चटका बसतो आणि घामही निथळतो. हीच ती ऑक्टोबर हीट. पुढे वारा फिरतो, पूर्वेकडून कोरडा येऊ लागतो. रात्री ढगांचे पांघरूण नसल्याने जमिनीची ऊब वर निघून जाते. त्यात आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा पुष्कळदा 13-14 अंशांवर येतो. म्हणून हे चटक्याचे दिवस अव्वा वाया घालवू देत नसत. ‘‘कौदी बिसलाग हाक,’’ हे वाक्य सकाळी चहाच्या आधी कानावर पडे. आलटून-पालटून दोन्ही बाजूंना ऊन दिले की पावसाळ्याचा कुबट वास जातो. मग घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा.

कोजागरीला आम्ही गच्चीवर आटीव दूध पितो. अव्वांच्या माहेरी त्याच दिवशी सीगी हुण्णिमे असते. पिकांनी भरलेल्या भूमीची ओटी भरायची आणि शेतात चरग टाकायचा. यंदा कोजागरीच्या रात्री दूध पिताना ह्यांनी अव्वांची आठवण काढली आणि म्हणाले, ‘‘आता थंडी पडेल. अव्वाची कौदी काढून ठेव.’’ मग सांगावेच लागले. हे काही बोलले नाहीत. ग्लास तसाच ठेवून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या वाकळ शिवणाऱ्या मावशींना बोलावले. त्यांनी कौदी हाताने चाचपली आणि म्हणाल्या, ‘‘बाई, ही कशाला टाकायची? ही आत घालायची. वरून नवं कापड.’’ मला एकदम आठवले, अव्वांनीही त्या कौदीच्या पोटात त्यांच्या आईची विरलेली कौदी घातली होती. उसवलेल्या बाजूने पाहिले, तर तिचा निळसर तुकडा खरेच दिसत होता. कौदीची ऊब कापडाच्या जाडीत नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. जितके थर, तितकी ऊब.

प्रश्न वरच्या कापडाचा होता. माझ्या मनात एकच लुगडे होते, अव्वांचे शेवटचे इरकल. सुती अंग, लाल रेशमी पदर. ते ट्रंकेत होते आणि ह्यांनी सहा वर्षे त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. मी भीत भीत विषय काढला. ‘‘आईची एवढी एक वस्तू आहे, तीही कापायची?’’ एवढेच बोलून हे बाहेर गेले. मी मावशींना माझ्याच दोन जुन्या साड्या काढून दिल्या.

संध्याकाळी हे परत आले आणि स्वतः ट्रंक उघडली. इरकल उलगडले, तर घडीवर कसरीने तीन भोके पाडलेली. बराच वेळ हे त्यावर हात फिरवत बसले. मग ते माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, ‘‘घे. पेटीत ठेवून किडेच खाणार. भोकं असतील तिथे ठिगळ लाव.’’

आठ दिवस मावशी आणि मी समोरासमोर बसलो. कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचे आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे लावायचे. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकाही आपली कवंदी अशीच कडेकडून आत शिवत जातात. वाकळ, कौदी, कवंदी, नावे वेगळी, टाका एक. माझा खांदा दुखला की हे कोकमाचे तेल कोमट करून आणून देत. एकदा तर सुईत दोरा ओवायलाही बसले.

दिवाळीला मुलगा, सूनबाई आणि नातू आले. त्रयोदशीच्या संध्याकाळी अव्वांच्या पद्धतीने हंडा घासून, पाणी भरून, पूजा केली. पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर नातू कुडकुडत आला आणि नव्या कौदीत शिरला. सूनबाईने कौदी हातात घेऊन टाके पाहिले. जाताना आपल्या दोन सुती ओढण्या माझ्याकडे ठेवून म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी मला शिकवा.’’

आता येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भात कापणीला येईल. सुगी संपली की कडक सज्जी रोट्टी आणि गुरेळ्ळ चटणीचे दिवस. तुमच्याही माळ्यावर एखादी विरलेली वाकळ असेल, पेटीत एखादे लुगडे असेल. ऊन आहे तोवर बाहेर काढा आणि कसर लागली आहे का बघा. ज्यांनी ते नेसले, त्यांनी ते पेटीत ठेवण्यासाठी घेतले नव्हते.

काल पहाटे मला जाग आली. हे कौदी कानापर्यंत ओढून घेत झोपेतच पुटपुटले, ‘‘अव्वा, थंडी बंतु.’’