चालू रुग्णालयातील अग्निसूचना यंत्रणेचे नूतनीकरण

भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात शिशू कक्षास आग लागली. त्यात १० बालके दगावली. ७ वाचविता आली. धुराची सूचना वेळेवर मिळणे किती मोलाचे, हे निराळे सांगावयास नको.

जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत फलकावर केवळ विभागाचा दिवा लागतो. आग नेमकी कोठे, हे धावत जाऊन शोधावे लागते. नव्या यंत्रणेत प्रत्येक धूरशोधकास स्वतंत्र क्रमांक असल्याने ती खोली तत्काळ कळते.

मात्र या कामासाठी रुग्णालय बंद ठेवता येत नाही. म्हणून जुनी यंत्रणा चालू असतानाच नवी बसवावी आणि प्रत्यक्ष चाचणीनंतरच एकेक कक्ष तिच्याकडे सोपवावा. भिंतींना छिद्रे पाडताना धुळीने विनाकारण घंटा वाजू नये, यासाठी शोधकांवर टोपणे घालतात. सायंकाळी ती काढावयाची राहिली, तर फलक सुस्थितीत दिसतो आणि शोधक मात्र आंधळा असतो! टोपणे मोजून घालावीत, मोजूनच काढावीत. जेथील यंत्रणा काही तास बंद राहणार असेल, तेथे तेवढा वेळ माणसाचा अखंड पहारा ठेवावा व तशी लेखी सूचना पाळीवरील परिचारिकेच्या हाती आधीच द्यावी.